व्यायामासोबत गोळी, की नुसता व्यायाम?

वजन उतरवायचं म्हटलं की लातूर-परभणीकडच्या जिममध्ये हा प्रश्न हल्ली सारखा निघतो.

डॉक्टर लिहून देतात त्यातली एक गोळी म्हणजे ऑर्लिस्टॅट. 120 मिलिग्रॅमची मात्रा जेवणातली साधारण 30 टक्के चरबी अंगात शोषू देत नाही. ती शौचावाटे निघून जाते. म्हणजे ताटात चरबी असेल तरच तिला काम! ज्वारीची भाकरी, पातळ वरण आणि मेथीची भाजी खाणाऱ्याचं ती काय अडवणार? तळलेलं खाल्लं तर तेलकट जुलाब, आणि पळायला निघालात की मोठीच पंचाईत.

नुसत्या व्यायामाने आणि आवरत्या जेवणाने वजन सावकाश उतरतं, हे खरं. पण दम वाढतो, स्नायू टिकतात. भाकरीवरची मोठा चमचाभर करडीच्या तेलाची धार म्हणजे जवळपास 120 कॅलरी. ती निम्मी करून बघा.

लठ्ठपणा फार असेल, जोडीला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारून दोन्ही जरूर करा. मात्र बिनलेबलच्या 'आयुर्वेदिक' पुड्या नकोच. अशा मालात सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध सापडलेलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात त्यावर 2011 मध्ये बंदी आली.