पीटी आणि एपीटीटी: रक्त गोठण्याच्या दोन चाचण्या

नमुना दोन्हींसाठी एकच. निळ्या झाकणाच्या नळीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. नळी खुणेपर्यंत भरायलाच हवी. कमी भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढून वेळ उगाच लांबलेला दिसतो. मग प्लाझ्मात (पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या रक्तातल्या द्रवात) कॅल्शियम परत घालून गुठळी व्हायला किती सेकंद लागले ते मोजतात.

पीटीत (प्रोथ्रॉम्बिन टाइम) सुरुवात टिश्यू फॅक्टरने, म्हणजे ऊतींमधल्या गोठण सुरू करणाऱ्या प्रथिनाने होते. साधारण 11 ते 13.5 सेकंद. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांकांनी ओळखली जाणारी प्रथिनं; त्यातला फॅक्टर 7 कमी पडला की हीच लांबते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांचा आयएनआर (पीटीचा प्रमाणित आकडा) यातूनच काढतात.

एपीटीटीला (ॲक्टिव्हेटेड पार्शियल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम) जास्त वेळ लागतो, बहुधा 25 ते 35 सेकंद, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. फॅक्टर 8, 9, 11, 12 तिच्या कक्षेत येतात. हिमोफिलियात (फॅक्टर 8 किंवा 9 च्या जन्मजात कमतरतेत) पीटी अगदी नॉर्मल, एपीटीटी मात्र लांबलेली. आकडा मोठा म्हणजे रक्तस्राव होणारच, असं मात्र नाही: फॅक्टर 12 नसलेल्या माणसाची एपीटीटी बरीच लांबते, तरी त्याला रक्तस्रावाचा त्रास होत नाही! लांबलेल्या नमुन्यात निरोगी प्लाझ्मा निम्मा मिसळतात. वेळ सुधारला तर फॅक्टरची कमतरता. नाही सुधारला तर फॅक्टरला अडवणारं काहीतरी रक्तात आहे, मग ती अँटिबॉडी असो वा हेपॅरिन हे गोठणं रोखणारं औषध.

प्लेटलेटचे दोष आणि फॅक्टर 13 ची उणीव दोघींनाही सापडत नाही. सौम्य फॉन विलेब्रँड हा जन्मजात रक्तस्रावाचा आजारही बरेचदा निसटतो.