पानेन्का पेनल्टी शिकवायला कुठला बॉल घ्यावा?

मराठवाड्यातल्या मुरमाड मैदानावर पोरांना पानेन्का पेनल्टी (गोलकीपर बाजूला झेपावला की बॉल गोलच्या मधोमध अलगद उचलून मारणं) शिकवायची, तर जालंधरचा हाताने शिवलेला, 32 पॅनेलचा पाच नंबरचा फुटबॉलच घ्या. साच्यातला रबरी बॉल स्वस्त पडतो, मार सोसतो, पण पायावरून उसळतो, आणि या किकला उसळी अजिबात नको.

ही किक ज्याच्या नावाने ओळखली जाते तो अँतोनिन पानेन्का प्रागच्या बोहेमियन्स क्लबचा. सराव संपला की गोलकीपर ह्रुश्काबरोबर चॉकलेट नाहीतर बिअरची पैज लावून पेनल्ट्या मारायचा. गोलकीपर बाजूला झेपावतोच, मग बॉल मधूनच अलगद उचलावा, हे तिथेच पक्कं झालं. 20 जून 1976 ला बेलग्रेडमध्ये, युरोच्या (युरोपियन चॅम्पियनशिपच्या) फायनलमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधली शेवटची किक त्याने तशीच मारली. जर्मन गोलकीपर सेप मायर झेपावला आणि पानेन्काचा देश चेकोस्लोव्हाकिया शूटआउटमध्ये 5-3 ने जिंकला.

धाव लांब आणि जोराची. टेकता पाय बॉलच्या शेजारी, मारता पाय बॉलखाली घालून तिथेच आखडायचा. धाव मंदावली की गोलकीपर जागेवर थांबतो आणि बॉल आयता हातात घेतो.

हवेवर सगळं अवलंबून. नियमात 8.5 ते 15.6 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बसतात, या किकला 9 पुरेत. जास्त भरली की बॉल बारवरून जातो. आपल्याकडचा उन्हाळा इथे नडतो: 25 अंशांना 9 भरलेला बॉल 45 अंशांवर साडेदहापर्यंत चढतो. म्हणून मे महिन्यात मैदानावर पोचल्यावरच हवा तपासा. पंपाची पिन कोरडी घालू नका, वॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा थेंब लावा.

उणीव एकच, मुरमावर शिवणीचा दोरा लवकर झिजतो. पण बाभळीचा काटा घुसला तरी चांगला कारागीर शिवण उसवून ब्लॅडर (आतला हवेचा फुगा) बदलून देतो. रबरी बॉलला ती सोय नाही.

पानेन्काला देशाबाहेर खेळायची परवानगी मिळाली ती 1981 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी. रॅपिड व्हिएन्नाकडून त्याने 1982 आणि 1983 ची ऑस्ट्रियन लीग जिंकली. त्याच 1983 मध्ये बोहेमियन्सने आपलं एकमेव विजेतेपद मिळवलं, तेही त्याच्याविना. याची हळहळ वाटतेच.

बॉल घेताना वजन करून घ्या: 410 ते 450 ग्रॅम. हलका निघाला तर वाऱ्यावर भरकटतो, परत करा.