७२,७०० रुपये गेले, बिघाड ३५० रुपयांचा होता

३१ वर्षं मी दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवला. आणि इथे नाशिकमध्ये, महामार्गालगतच्या एका गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत मीटर लावून एका माणसानं मला गंडवलं. दोन महिने कुणाला बोलले नव्हते, मुलालाही नाही. पण परवा आमच्या ओळखीतले एक जण त्याच गॅरेजात गाडी घेऊन निघाले, तेव्हा म्हटलं, आता लाज धरून चालणार नाही.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, आतून कॅम्पर केलेली, म्हणजे राहता-झोपता येईल अशी. मागे १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूबलर बॅटऱ्या, इन्व्हर्टर, छोटा फ्रिज, पंखा, दिवे. दिवाळीत नातवंडांना घेऊन गुहागरला जायचं होतं, म्हणून आधी गंगापूर धरणाकडे एक रात्र काढून बघितली. मिक्सर लावला की दिवे मंद व्हायचे आणि इन्व्हर्टर टीं टीं करत बंद पडायचा. इंजिन सुरू केलं की सगळं सुरळीत. तक्रार एवढीच होती.

गॅरेजवाल्यानं मीटर काढला. लाल तार बॅटरीच्या प्लसवर लावली आणि काळी तार सीटखालच्या एका बोल्टवर टेकवली. मिक्सर लावायला सांगितला. आकडा घसरत १०.२ व्होल्टवर आला. “बघा मॅडम, दोन्ही बॅटऱ्या बसल्यात. इन्व्हर्टरनं खाल्ल्या.”

तो बोल्ट मला अजून दिसतो. कडेनं गंज, वरून आधीच्या मालकानं मारलेला राखाडी रंग. काळी तार बॅटरीच्या मायनसवर का नाही? मी विचारलंसुद्धा होतं! तो म्हणाला, “बॉडी मायनसच असते मॅडम.” आणि असतेच. त्या बोल्टवरचा, मायनसची तार आणि बॉडी यांमधला जोड स्वच्छ असेल तर असते. जोड खराब असेल तर बॅटरी धडधाकट असूनही मीटर कमीच दाखवणार. हे मला कळायला हवं होतं. वर्गात कुणा पोरानं असा मीटर लावला असता तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं. पण दोन दिवसांनी निघायचं होतं, नातवंडं मुंबईहून येऊन बसलेली, ह्यांची तब्येत नरम, आणि समोरचा माणूस इतक्या खात्रीनं बोलत होता की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

हिशेब असा: दोन बॅटऱ्या ३७,००० रुपये, इन्व्हर्टर २२,४००, चार्जर ९,८००, मजुरी ६,५००. एकूण ७५,७००. जुन्या बॅटऱ्यांचे भंगार म्हणून ३,००० वजा. त्या बॅटऱ्या फक्त १४ महिन्यांच्या होत्या आणि वॉरंटी ३६ महिन्यांची! वॉरंटीचं विचारलं तर म्हणे, कंपनी तपासायला पंधरा दिवस ठेवून घेते, तुमची ट्रिप बुडेल. ४०,००० रोख दिले, बाकीचे ३२,७०० फोनवरून. बिल कच्चं. खोटं कशाला बोलू, जीएसटी वाचतोय म्हणून मीही मान डोलावली. ती चूक माझी. पण म्हणून त्यानं केली ती फसवणूक होत नाही का?

काम झाल्यावर त्यानं मिक्सर लावून दाखवला, पण इंजिन चालू ठेवून. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, चौदाच्या आसपास व्होल्ट देतो. त्यातले दोन वाटेत गळाले तरी इन्व्हर्टरला बारा मिळतात. चाचणी इंजिन बंद करूनच घ्या. त्यानं बंद करू दिलं नाही.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचलो. रात्री तेच. दिवे मंद, टीं टीं, अंधार. सकाळी एका छोट्या दुकानातले म्हातारे वायरमन काका आले. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी त्याच बोल्टवर लावली, मिक्सर सुरू करायला लावला. १.९ व्होल्ट. तिथे जेमतेम ०.१, फार तर ०.२ यायला हवेत. “ताई, बोल्टला हात लावा,” म्हणाले. चटका बसला. ४० अँपिअर गुणिले १.९, म्हणजे ७६ वॅट नुसते त्या सांध्यात जळत होते. बोल्ट उघडला तर लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या कडीवर, बुरशीसारखा हिरवट-पांढरा गंज आलेला आणि खाली रंगाचा थर. पॉलिश पेपरनं पत्रा घासून चकचकीत केला, नवी लग दाबून बसवली, वरून ग्रीस. वीस मिनिटं. ३५० रुपये.

नव्या बॅटऱ्यांवरचे नंबर खरवडलेले आहेत, हेही काकांनीच दाखवलं. जुन्याच, धुऊन-पुसून विकलेल्या. चार्ज करून चार-पाच तास नुसती ठेवली तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. ह्या आता ११.९ दाखवतात. बॅटरी बसवण्याआधी नंबरचा फोटो काढा, आणि जुनी सोडून येऊ नका.

परत आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, “अर्थिंगचं मला कुठे सांगितलं होतं?” पोलीस ठाण्यात गेले तर हद्द आमची नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. नंबर खरवडलेली बॅटरी नवी म्हणून विकणं हा दिवाणी मामला? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्या खेपेला अर्जच सापडेना आणि ‘पक्की पावती आणा’. पक्की पावती असती तर मी चार वेळा चपला झिजवल्या असत्या का? एक तरुण हवालदार तर हसून म्हणाला, “आजी, ह्या वयात कसली कॅम्पर?” त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही, रडू येईल म्हणून.

अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझी तक्रार लिहून तयार आहे: फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, खरवडलेल्या नंबरांचे फोटो, जुन्या बॅटऱ्यांचं वॉरंटी कार्ड. चिपळूणच्या काकांना फोन केला होता. म्हणाले, “काय मोजलं ते सहीनिशी लिहून देतो, ताई.” त्यांचा कागद आला की सोमवारी दाखल करणार.