गावच्या स्टेशनला लिफ्ट हवी की रॅम्प?

नागपूर मेट्रोची लिफ्ट पाहून आलेला प्रत्येक जण म्हणतो, व्हीलचेअरवाल्यांना पादचारी पुलावर जायला आपल्या रेल्वे स्टेशनातही तीच बसवा. पण आपल्याकडे लाईन गेली की लिफ्टचा नुसता डबा, आणि दुरुस्तीवाला यायचा शहरातून.

रॅम्पला वीज लागत नाही. त्याला जागा मात्र भरपूर लागते. उतार १:१२ हवा, म्हणजे सहा मीटर उंचीच्या पुलावर जायला ७२ मीटर रॅम्प, मधले सपाट टप्पे वेगळे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात हाताने व्हीलचेअर ढकलत एवढं चढायचं म्हणजे जीव जातो; लोखंडी कठडाही पोळतो.

तरी माझं मत रॅम्पलाच, पण छपरासकट. लिफ्ट मिळत असेल तर जनरेटरही मागा. फलाट आणि गाडीच्या डब्यामधली फट मात्र दोन्हींनी सुटत नाही.