रजोनिवृत्तीच्या काळात व्हिडिओवरून घेतलेला वैद्यकीय सल्ला : दोन वर्षांचा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले, तेव्हा माझी पाळी अनियमित होऊन वर्ष होत आले होते. रुग्णालयात ताटकळत बसण्याची धास्ती वाटत असल्याने मी एका व्हिडिओ-सल्ला सेवेत नाव नोंदवले आणि पुढची दोन वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला तिथूनच घेतला.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे डॉक्टरांनी दिलेला वेळ. रात्री छातीतून मानेकडे गरम वाफ उसळायची, अंग घामाने भिजायचे आणि हा ताप तर नव्हे, या शंकेने मी अंधारात थर्मामीटर शोधत बसायचे. इस्ट्रोजेन कमी होऊ लागले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र जरा जास्तच हळवे होते, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ही वाफ काही मिनिटांत ओसरते, ताप मात्र टिकून राहतो, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. त्याच वेळी, थकवा, धडधड, विसराळूपणा आणि उडालेली झोप या तक्रारी कोविड होऊन गेल्यावरही रेंगाळतात, तेव्हा सगळे खापर वयावर फोडू नका, असे बजावून त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला लावली.

हार्मोनच्या उपचाराबाबतही घाई झाली नाही. पोटात घेण्याच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि कोविडमध्येही तो वाढतो, म्हणून घरच्यांपैकी कोणाला गुठळीचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा त्रास झाला होता का, हे विचारून आणि आठवडाभराच्या रक्तदाबाच्या नोंदी पाहूनच त्यांनी त्वचेवर लावण्याच्या औषधाचा पर्याय मांडला. घरात सगळेच दिवसभर असताना योनीमार्गाच्या कोरडेपणाविषयी मोठ्याने बोलणार कसे, ही अडचण ओळखून ते प्रश्न लेखी विचारण्याची सोय होती. ही सोय ज्याने केली, त्याला माझे पूर्ण गुण.

गुण कापले ते मात्र गंभीर कारणासाठी. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात आणि त्यानंतर थेंबभर जरी रक्तस्राव झाला तरी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते. मला तो १४ महिन्यांनी झाला. नोंदणीच्या अर्जात ‘अनियमित पाळी’ एवढाच पर्याय होता. तो निवडल्यावर नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. फोनवरच्या मदतनिसाने तर ताणामुळे असे होते, म्हणून माझीच समजूत काढली. डॉक्टरांनी पाहताक्षणी सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या तपासणीसाठी रुग्णालयात धाडले. अहवाल निर्दोष आला. पण ज्या तक्रारीचा निकाल पडद्यावर लागूच शकत नाही, ती पहिल्याच पानावर ओळखून रुग्णाला ताबडतोब प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवणे हे या सेवेचे पहिले काम होते आणि ते झाले नाही.

औषधाचा पाठपुरावा आणि रक्तदाबाच्या नोंदी यांसाठी मी ही सेवा अजूनही वापरते, म्हणून पाचपैकी तीन गुण. माझ्या लेखी तक्रारीनंतर ‘पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला आहे का?’ हा प्रश्न अर्जात आला खरा, पण तो शेवटच्या पानावर, विमा क्रमांकाच्या खाली.