समुद्री मत्स्यटाकीसाठी सरफेस स्किमर: तवंगावरचा चांगला उपाय, काही अटींसह

समुद्री मत्स्यटाकीच्या पाण्यावर साचणारा तेलकट तवंग केवळ डोळ्यांना खुपतो असे नाही. स्निग्धांश, प्रथिने आणि जिवाणू यांचा हा पातळ थर हवा व पाणी यांच्यातील वायूंची देवाणघेवाण मंदावतो आणि प्रवाळांपर्यंत पोहोचणारा प्रकाशही काही अंशी अडवतो. ओव्हरफ्लो (पृष्ठभागावरचे पाणी कडेवरून बाहेर वाहून नेणारी सोय) नसलेल्या टाकीसाठी मी घेतलेला, छोट्या पंपावर चालणारा हा सरफेस स्किमर हा तवंग ओढून घेण्याचे काम करतो आणि चोख करतो. गोठवलेले खाद्य दिल्यावर पसरणारा तवंगही लवकरच दिसेनासा होतो.

पाणी आत ओढणाऱ्या त्याच्या तरंगत्या तोंडाचे खरे महत्त्व बाष्पीभवनाने पाण्याची पातळी उतरते तेव्हा कळते, कारण स्थिर तोंडाचे स्किमर अशा वेळी हवा ओढून गुरगुरू लागतात. मात्र या तोंडाची हालचालही मर्यादित आहे. गोड्या, शक्यतो आरओ पाण्याने नियमित भरपाई करावीच लागते, अन्यथा पाण्याचा खारटपणा दाखवणारी सापेक्ष घनताही नेहमीच्या १.०२५ च्या पुढे सरकते. कडेवर मीठ आणि शैवाल जमले की तोंड अडकते, म्हणून ते वारंवार धुवावे. तोंडाच्या फटी मला फार रुंद वाटल्या. टाकीत लहान गोबी मासे किंवा कोळंबी असल्यास या फटींवर बारीक जाळी बसवणे अत्यावश्यक आहे.

हा स्किमर प्रोटीन स्किमरची (बारीक बुडबुड्यांनी सेंद्रिय द्रव्य पाण्याबाहेर काढणाऱ्या यंत्राची) जागा घेत नाही. ओढलेले सेंद्रिय द्रव्य आतल्या स्पंजातच राहते आणि स्पंज वेळेवर धुतला नाही, तर ते तिथेच कुजून नायट्रेट वाढवते.