पंधरा आणि अठरा दात्यांच्या मधली पोकळी: नागपुरात वर्षभर सायकल वापरल्यानंतरचा अनुभव

मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल चढताना चेन दात्यांवरून घसरायला लागली, तेव्हा हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. सायकल नेहमीची हायब्रीड (रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधली) आहे: पुढे पॅडलजवळ ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चेनरिंग (दातेरी चकत्या), मागच्या चाकावर आठ चक्रांची ११-३२ कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दात्यांच्या चक्रांचा संच, आणि ७०० बाय ३५ चे टायर. मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स असा कार्यालयाचा रोजचा रस्ता आणि रविवारी फुटाळा, सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाडा, एवढा तिचा वापर आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू पाहून झाल्यामुळे सायकलीबद्दल आणि तिच्यासाठी घेतलेल्या कपड्यांबद्दल आता थोडे अधिकाराने लिहिता येईल.

प्रथम दुकानाबद्दल. चेन घसरते म्हटल्यावर ज्या दुकानातून सायकल घेतली होती तिथे नेली. त्यांनी साडेसहाशे रुपयांची नवी चेन बसवली, आणि सायकल पूर्वीपेक्षा जास्त घसरू लागली. पॅडलवर जोर दिला की ‘खट्’ असा आवाज येऊन पाय मोकळा फिरायचा, तोही फक्त मागच्या १५ आणि १८ दात्यांच्या चक्रांवर. परत नेली तेव्हा ‘थोडी चालवा, चेन बसेल’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि कॅसेट सगळेच बदलण्याचा साडेपाच हजारांचा अंदाज हातात ठेवला गेला. शिफ्टरमध्ये नेमके काय बिघडले आहे, या प्रश्नावर ‘साहेब, जुने झाले’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही.

शेवटी सायकल महाल भागातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी उतरवलेली जुनी चेन मागितली (ती दुकानातून मुद्दाम परत घेतली होती, पैसे दिलेली वस्तू मी सोडत नाही), खिळ्याला टांगली आणि तिच्यावर स्टीलची पट्टी धरली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. चोवीसावी पिन बारा इंचांच्या खुणेपासून एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का ताणली गेली आहे आणि बदलायची वेळ आली आहे असे समजावे. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर ताण एक टक्क्यावर पोहोचलेला असतो, आणि ताणलेल्या चेनने चक्राचे दाते आपल्या मापाने घासून घेतलेले असतात. माझी पिन एक अष्टमांशाच्याही पुढे होती. ‘भाऊ, चेन नवी अन् दाते जुने, दोघांचं जमत नाही,’ असे म्हणून काकांनी १५ दात्यांच्या चक्राचा एक दाता बोटाने दाखवला. त्याची एक बाजू तिरकी झिजून टोक आकड्यासारखे वाकले होते, तर शेजारच्या ११ च्या चक्रावर कारखान्यातली चकाकी अजून शाबूत होती. डिरेलर आणि शिफ्टर व्यवस्थित होते.

त्या झिजेने मला जे दाखवून दिले, ते सायकलीचे सगळे गुणदोष एका पारड्यात टाकले तरी माझ्या दृष्टीने जड आहे. ब्रेक ठीक आहेत, सीट सहन होते, रंग टिकला आहे. त्यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. या कॅसेटमधली चक्रे मात्र ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२ अशी आहेत, आणि नागपूरसारख्या सपाट शहरात कार्यालयाला जाणारा माणूस मधल्या चेनरिंगवर १५ आणि १८ हीच दोन चक्रे दिवसभर वापरतो. या दोहोंच्या मध्ये काहीही नाही. १८ वरून १५ वर जाताना गिअर एकदम वीस टक्क्यांनी जड होतो. माझ्या टायरचा परीघ सुमारे २.१७ मीटर धरला तर ३८-१८ वर (पुढे ३८, मागे १८) पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ४.५८ मीटर जाते आणि ३८-१५ वर ५.५० मीटर. ताशी २४ किलोमीटरने जायचे असेल तर पहिल्यात मिनिटाला ८७ फेरे मारावे लागतात आणि दुसऱ्यात ७३. मला ८० ते ८२ सोयीचे पडतात, आणि तेवढेच नेमके मिळत नाहीत.

ही तक्रार किरकोळ वाटेल, पण ज्याने जुलैच्या संध्याकाळी वर्धा रोडने दक्षिणेकडे सायकल हाकली आहे त्याला ती पटेल. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा सकाळी कार्यालयाकडे जाताना पाठीशी असतो आणि परतताना सोनेगावच्या बाजूने समोरून येतो. अशा वेळी १५ वर गुडघे भरून येतात, १८ वर पाय उगीच भिरभिरतात, आणि माणूस घरी पोहोचेपर्यंत अंगठ्याने गिअर वर-खाली करत राहतो. साखळी सतत त्याच दोन चक्रांवर राहिल्यामुळे झीजही तिथेच झाली. उलट ११ दात्यांचे चक्र ४८ च्या चेनरिंगसह वापरायचे तर ८० फेऱ्यांना ताशी ४५ किलोमीटरचा वेग लागतो. तो मला शहरात कुठे मिळणार? ३२ चे चक्र सेमिनरी हिल्सच्या चढावरही लागले नाही, कारण पुढे २८ ची चेनरिंग आहे. म्हणजे आठपैकी दोन चक्रे शोभेची निघाली, आणि त्यांच्यासाठी मधल्या जागेचा बळी गेला.

म्हणून नवी कॅसेट त्याच मापाची न घेता १२-२५ ची मागवली, जिच्यात १२-१३-१५-१७-१९-२१-२३-२५ अशी चक्रे आहेत. तीही आठ चक्रांचीच असल्यामुळे शिफ्टर तोच चालला. चक्रांमधले अंतर सारखे असले की दाते किती आहेत याच्याशी शिफ्टरला देणेघेणे नसते. काकांनी डिरेलरचा वरचा स्क्रू थोडा फिरवून त्याची पुली चक्रांच्या जवळ आणली आणि चेनच्या दोन कड्या कमी केल्या. १७ वरून १५ वर जाताना आता तेरा टक्क्यांचाच फरक पडतो, आणि ३८-१७ वर ताशी २४ किलोमीटरला बरोबर ८२ फेरे बसतात. कॅसेट, चेन आणि मजुरी मिळून दुकानाच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. हायब्रीड विकणाऱ्या कंपन्या सपाट शहरांसाठी सरसकट ११-३२ का देतात, हे मला अजून उमगलेले नाही. कागदावर मोठे आकडे छान दिसतात, एवढेच कारण असावे.

आता कपड्यांकडे वळतो. सायकलचे कपडे निवडण्याबद्दल जे बहुतेक मार्गदर्शन वाचायला मिळते ते थंड आणि ओल्या देशांतले असते, आणि त्यातली पहिली आज्ञा ‘सुती घालू नका’ ही असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीपर्यंत मी ती निमूट पाळली. एप्रिलमध्ये मत बदलावे लागले. हवेचे तापमान त्वचेच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या, वर गेले की अंगावर येणारा वारा उष्णता नेत नाही, तो ती आणून देतो. मग शरीर थंड राखायला घाम वाळणे हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो इतक्या झपाट्याने वाळतो की पॉलिएस्टरच्या जर्सीचा ‘लवकर सुकते’ हा गुण निरुपयोगी ठरतो, आणि पाणी धरून ठेवणारा सैल, पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा जास्त वेळ गार राहतो. निघताना तो ओला करून पिळून घातला तर राहाटे कॉलनीपर्यंत थंडावा पुरतो. डोक्याला आणि तोंडाला गुंडाळायचा पातळ पांढरा दुपट्टा, जो इथे दुचाकीवरचा प्रत्येक माणूस वापरतो, हेल्मेटखाली सहज मावतो. बाजारात त्याच कामासाठी मिळणाऱ्या नळीसारख्या कापडापेक्षा तो स्वस्त आहे आणि मानेचा मागचा भागही झाकतो.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी सायकल चालवण्याची मर्दुमकी मात्र कोणी करू नये. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने संवेदक सदोष असल्याचे सांगितले, हे खरे. पण संवेदक ठीक असतानाही जे आकडे येतात ते पुरेसे आहेत. मी सकाळी नऊच्या आत पोहोचतो आणि संध्याकाळी सहानंतर निघतो. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवला की पाणी पिण्याजोगे राहते. पाणी गार ठेवणाऱ्या जुन्या कापडी छागलीमागचेही तत्त्व हेच होते.

पावसाळ्यात सुती कपड्यांची बाजू लंगडी पडते. हवाच दमट असल्यामुळे भिजलेला सदरा वाळत नाही, अंगाला चिकटतो आणि काखेत घासतो. तेव्हा पॉलिएस्टरची जर्सी योग्य. खरा प्रश्न गादीच्या अर्ध्या चड्डीचा येतो. ती उघड्या अंगावर, आत दुसरे काही न घालता वापरायची असते, त्यामुळे रोज धुणे भाग आहे. मे महिन्यात सकाळी पोहोचल्यावर धुऊन टाकली तर परतायच्या आत कडकडीत वाळते, म्हणून एक चड्डी पुरते. जुलैमध्ये तीच दोन दिवस दोरीवर लटकत राहते आणि आतली गादी शेवटपर्यंत ओलसर लागते, म्हणून तीन लागतात. तेव्हा एक महागडी घेण्याऐवजी मध्यम किमतीच्या तीन घ्याव्यात, आणि घेताना गादीची जाडी पाहण्यापेक्षा मांडीच्या आतल्या बाजूची शिवण पाहावी. माझ्या पहिल्या चड्डीची शिवण नेमकी सीटच्या कडेवर येत होती. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याच्या थराने कापडाची घाम शोषण्याची क्षमता कमी होते.

रेनकोटबद्दल माझा राग मोठा होता. चांगले तीन हजार रुपये मोजून श्वास घेणाऱ्या कापडाचे जॅकेट घेतले आणि पहिल्याच पावसात आतून इतका भिजलो की बाहेरचे पाणी आणि आतला घाम वेगळे ओळखता येईनात. अशा कापडातून वाफ बाहेर पडायची तर आत आणि बाहेर दमटपणात फरक असावा लागतो. जुलैमधल्या नागपुरात तो फरक फारसा उरत नाही. जॅकेट विकून टाकण्याचे मनात होते. नंतर डिसेंबर आला, आणि सकाळच्या दहा-बारा अंशांत तेच जॅकेट पातळ लोकरी बनियनवर घातल्यावर वारा पूर्ण अडला आणि हवा कोरडी असल्यामुळे घामही बाहेर पडला. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. तशी सकाळ पुन्हा आली तरी त्या जॅकेटवर एक हातमोज्यांची जोडी पुरेल असे वाटते. सारांश, रेनकोट म्हणून शून्य गुण आणि विंडचीटर म्हणून आठ.

पावसाळ्यासाठी जे पैसे खर्च करायचे ते मडगार्डवर करावेत. वरून पडणारे पाणी स्वच्छ असते. त्रास होतो तो चाकाने उडवलेल्या चिखलाचा, जो पाठीवर पट्टा ओढतो आणि चेनमध्ये शिरतो. पूर्ण लांबीचे मडगार्ड, आणि पुढच्याला खाली जुन्या ट्यूबचा कापलेला रबरी फडका, एवढ्याने पाय आणि चेन दोन्ही वाचतात. पायात साधे रबरी सँडल; कार्यालयाचे बूट कार्यालयातच ठेवतो.

चेनच्या तेलाचाही ऋतू असतो. उन्हाळ्यात सिमेंट रस्त्यांच्या कडेची धूळ जाड तेलात मिसळली की तिचा घासणारा लेप बनतो, आणि माझी पहिली चेन बहुधा त्यानेच खाल्ली. सायकल विकत घेताना दुकानाने वर्षभरासाठी एकच जाड तेल दिले होते. आता जूनपर्यंत मेणाचे कोरडे वंगण वापरतो, पाऊस सुरू झाल्यावर जाड तेलावर येतो, आणि पगाराच्या दिवशी चेनवर पट्टी धरतो.

१२-२५ ची कॅसेट ज्यांना घ्यायची असेल त्यांनी सीताबर्डीत विचारून वेळ घालवू नये. मी विचारले त्या दुकानांत ११-३२ च होती, त्यामुळे बाहेरून मागवावी लागली. मागवण्याआधी मागच्या चाकावर खरोखर कॅसेट आहे ना, हे पाहून घ्यावे. स्वस्त सायकलींवर सात चक्रांचे, आट्यांवर फिरवून बसवायचे १४-२८ चे फ्रीव्हील असते आणि त्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट चढत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: चाक काढून, पॅडल मारताना चक्रे फिरतात त्याच्या उलट दिशेने ती फिरवावीत, सर्वांत लहान चक्राला लागून असलेली, काढायच्या हत्याराच्या खाचा असलेली कडी चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, आणि ती जागेवरच स्थिर राहिली तर फ्रीव्हील.